वीस मिनिटांची गाडी आठ मिनिटांत का थांबते?

दिवाळी पाडव्याची दुपार होती. बहीण मुलांना घेऊन मुरुडला माहेरपणाला आली होती आणि भाच्याच्या हातात रिमोटवर धावणारी कोरी करकरीत गाडी होती. जेवणं उरकली तसा तो मला ओढतच किनाऱ्यावर घेऊन गेला. पाणी पार सुरूच्या झाडांजवळ आलं होतं. समोर पद्मदुर्ग उन्हात चमकत होता आणि आमच्या वाट्याला उरली होती कोरड्या, भुसभुशीत वाळूची एक चिंचोळी पट्टी. गाडी निघाली, मागच्या चाकांनी वाळूचा फवारा उडवला, जरा पुढं गेली, रुतली, पुन्हा निघाली. थोड्या वेळानं तिची चाल मंदावली आणि ती थांबलीच. मी उचलून पालथी केली तर मोटारीला हात लाववेना आणि तापलेल्या व्हार्निशचा वास येत होता. घड्याळात पाहिलं, आठ मिनिटं झाली होती.

"मामा, खोक्यावर वीस मिनिटं लिहिलंय. बॅटरी खराब दिली का आपल्याला?"

अशी गाडी घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच. मी त्याला सांगितलं की बॅटरी चांगली आहे आणि खोक्यावरचा आकडाही खोटा नाही. तो आकडा वेगळ्या जमिनीचा आहे, एवढंच. आपल्या जमिनीचा आकडा आपणच काढायचा असतो आणि त्याला गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित लागत नाही. त्या संध्याकाळी ओटीवर बसून आम्ही तो काढला. हे प्रकरण म्हणजे तीच वही.

१. बॅटरीवरचे दोन आकडे

गाडीच्या बॅटरीवर दोन आकडे छापलेले होते : ७.२ व्होल्ट आणि ३००० एमएएच.

आपल्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाडीत पाण्याची टाकी असते, ती डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंचावर, तितक्या जोरानं पाणी खाली येतं. हा जोर म्हणजे व्होल्ट. नळीतून दर क्षणाला किती पाणी वाहतंय ते म्हणजे अँपिअर. आणि टाकीत एकूण किती पाणी मावतं ते सांगतो एमएएच हा आकडा, म्हणजे मिलिअँपिअर-तास. हजार मिलिअँपिअर म्हणजे एक अँपिअर. तेव्हा ३००० एमएएचचा अर्थ असा की ही बॅटरी ३ अँपिअरची धार एक तास देईल, ६ अँपिअरची अर्धा तास, ३० अँपिअरची सहा मिनिटं.

बॅटरी विकत घेताना बहुतेक जण हा एमएएचचा आकडाच तेवढा पाहतात. पण टाकी मोठी आहे आणि जमिनीलगत ठेवलीय, तर तिच्या पाण्याला जोर कुठून येणार? म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा. ७.२ गुणिले ३ म्हणजे २१.६ वॉट-तास. बॅटरीत साठलेली खरी शिदोरी ही.

ही शिदोरी केवढी, याचा अंदाज घरातल्या वस्तूंवरून येतो. महावितरणच्या बिलावर ज्याला युनिट म्हणतात ते म्हणजे १००० वॉट-तास. चार्जरमध्ये आणि बॅटरी तापण्यात जाणारी वीज धरली तरी एका युनिटात ही बॅटरी तीसेक वेळा भरते. ७५ वॉटचा छताचा पंखा तिच्यावर जेमतेम सतरा मिनिटं फिरेल. हाताच्या पंजाएवढी वस्तू दोन किलोची गाडी पळवते हे कौतुकाचं खरंच, पण शिदोरी लहान आहे हे विसरायचं नाही.

आणि ७.२ हा अडनिडा आकडा कुठून आला? या जातीच्या, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा एक सेल १.२ व्होल्टचा असतो. असे सहा सेल एकामागून एक जोडले की ७.२ होतात. जपानच्या तामिया कंपनीनं १९७६ मध्ये आपली पहिली रिमोटवरची गाडी, पोर्शे ९३४, बाजारात आणली. पुढं तिच्यासारख्या गाड्यांमुळे ही सहा सेलांची जोडणी जगभर रुळली. तेव्हा सेल निकेल-कॅडमियमचे असायचे, पण त्यांचाही दाब १.२ व्होल्टच. म्हणून रसायन बदललं तरी आकडा टिकला.

२. वॉट म्हणजे कामाची घाई

शिदोरी कळली. आता ती किती झपाट्यानं संपते ते पाहायचं.

विहीर सहा मीटर खोल आहे आणि पाण्यानं भरलेली बादली दहा किलोची आहे. बादली वर ओढायला सुमारे १०० न्यूटन जोर लागतो. शंभर ग्रॅमचं वजन म्हणजे साधारण एक न्यूटन, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. १०० न्यूटन जोरानं सहा मीटर ओढलं म्हणजे ६०० ज्यूल काम झालं. ते दहा सेकंदांत केलं तर ६० वॉट, रमतगमत वीस सेकंदांत केलं तर ३० वॉट. पाणी तेवढंच, काम तेवढंच, फरक घाईचा. वॉट हे त्या घाईचं माप.

मुरुडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे असतात. ज्याच्या नावावरून वॉट हा शब्द आला त्या जेम्स वॉटनं आपली वाफेची यंत्रं घोड्यांशी तुलना करून विकली होती. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. आपल्या गाडीनं त्या दुपारी वाळूत किती अश्वशक्ती खर्च केली, ते थोड्याच वेळात कळेल.

धावणाऱ्या वस्तूसाठी सूत्र सोपं आहे : जोर गुणिले वेग म्हणजे वॉट. आणि शिदोरीचे वॉट-तास भागिले खर्चाचे वॉट म्हणजे किती तास धावेल ते. सगळं प्रकरण या दोन ओळींत आहे. अडचण एकच, वाळूत गाडीला जोर किती लागतो?

३. हुकाच्या काट्यानं वाळू मोजू

हे पुस्तकात शोधू नका, मोजा. घरात सामान तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तोच घ्या. गाडी बंद करा. मोटारीवरचं छोटं दातेरी चाक जरा मागं सरकवून मोठ्या चाकापासून सोडवा, म्हणजे गाडीची चाकं मोकळी फिरतील. गाडीच्या पुढच्या बंपरला दोरी बांधा, काटा अडकवा आणि एकसारख्या चालीनं, हिसका न देता गाडी ओढा. काटा काय दाखवतो ते वहीत लिहा. प्रत्येक जमिनीवर पाच-सहा वेळा ओढून मधला आकडा धरा.

आमची गाडी दोन किलोची. घरासमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर काटा ६० ग्रॅमच्या आसपास राहिला. ओली, घट्ट वाळू मिळाली तिथं १५० ग्रॅम. आणि सुरूच्या झाडांखालच्या कोरड्या वाळूत तो ५०० ग्रॅमवर जाऊन थरथरत राहिला. भाचा दोनदा म्हणाला, "मामा, काटा बिघडलाय." काटा बिघडला नव्हता. गाडी तीच, वजन तेच, आणि ओढायला आठपट जोर.

असं का, तेही पाहण्यासारखं आहे. कोरड्या वाळूचे कण सुटे असतात. चाक पुढं जाताना त्यांना बाजूला ढकलतं आणि आपल्याच वजनानं खड्ड्यात उतरतं. मग दर क्षणाला त्याला त्या खड्ड्याची छोटी चढण चढावी लागते. म्हणजे सपाट किनाऱ्यावरही गाडी कायम चढावर असते. ओल्या वाळूत मात्र कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तो त्यांना एकमेकांशी धरून ठेवतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो आणि कोरड्या वाळूचा ढासळतो, त्याचं कारणही हेच.

४. हिशेब मांडू

गाडी ताशी १८ किलोमीटर वेगानं धावतेय असं धरू, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. या वेगाला हवेचा अडथळा किरकोळ, सव्वा वॉटच्या आसपास. तो सोडून देऊ. ताशी ५४ किलोमीटर वेगानं पळवणाऱ्यांनी मात्र तो सोडू नये. वेग तिप्पट झाला की हवेसाठी लागणारे वॉट सत्तावीसपट होतात.

खर्च तीन ठिकाणी होतो. पहिला, जमिनीशी झगडण्याचा. रस्त्यावर ६० ग्रॅम, म्हणजे ०.६ न्यूटन गुणिले ५, असे ३ वॉट. पण बॅटरीतून निघालेली सगळी वीज चाकापर्यंत पोहोचत नाही, वाटेत तारांत आणि दातेरी चाकांत तिची गळती होते. शंभरातले साठ पोहोचले असं धरलं तर बॅटरीतून ५ वॉट जातात. दुसरा खर्च मोटार नुसती फिरती ठेवण्याचा. गाडी हातात उचलून चाकं मोकळी फिरवली तरी आमची साधी, कार्बन ब्रशची मोटार १२ वॉटच्या आसपास खाते.

तिसरा खर्च मुलांच्या बोटाचा. दोन किलोची गाडी थांबलेल्या अवस्थेतून ५ मीटर वेगाला नेली की तिच्यात २५ ज्यूल साठतात, आणि सुरुवातीच्या धक्क्याला निम्मी वीज उष्णतेत जाते म्हणून बॅटरीला ५० ज्यूल मोजावे लागतात. ब्रेक मारला की तेही गेले. भाचा मिनिटाला चोवीस वेळा ट्रिगर दाबत-सोडत होता, मी मोजलं. चोवीस गुणिले ५० म्हणजे १२०० ज्यूल मिनिटाला, म्हणजेच २० वॉट. रस्त्याशी झगडायला ५ वॉट आणि बोटाच्या चाळ्याला २०. गाडी जास्त वेळ चालवायची असेल तर पैसे खर्च करण्याआधी हे बोट आवरावं.

रस्त्यावरची बेरीज ५ अधिक १२ अधिक २०, म्हणजे ३७ वॉट.

आता शिदोरी. २१.६ वॉट-तास सगळे वापरायचे नाहीत. आमच्या शेजारच्या एकदऱ्याचा नाखवा डिझेलचा हिशेब करताना परतीचं डिझेल आधी बाजूला काढतो. तसा पाचवा हिस्सा बाजूला ठेवू. उरले १७.३. त्यांना ३७ नं भागलं तर ०.४७ तास, म्हणजे २८ मिनिटं. खोक्यावरचं वीस मिनिटांचं वचन इथं आरामात पाळलं जातं.

ओल्या वाळूत १.५ न्यूटन गुणिले ५ म्हणजे साडेसात वॉट, गळती धरून साडेबारा. त्यात १२ आणि २० मिळवले की साडेचव्वेचाळीस वॉट. वेळ येतो २३ मिनिटं.

कोरड्या वाळूत ५ न्यूटन गुणिले ५ म्हणजे २५ वॉट. पण इथं चाकं जागच्या जागी फिरतात. चाक दोन मीटर फिरतं तेव्हा गाडी एक मीटर सरकते. म्हणजे चाकांना ५० वॉट द्यावे लागतात. शिवाय ओझ्याखाली मोटार जास्त तापते, साठऐवजी पन्नासच टक्के वीज कामी येते, म्हणून बॅटरीतून १०० वॉट. अधिक १२, अधिक २०. एकूण १३२. घोड्याच्या भाषेत, घोड्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी ताकद. १७.३ भागिले १३२ म्हणजे ०.१३ तास.

आठ मिनिटं. भाच्यानं भागाकार दोनदा करून पाहिला.

५. हाच हिशेब चंद्रावर

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरलं आणि त्यातून प्रज्ञान ही बग्गी बाहेर आली. वजन २६ किलो, म्हणजे आमच्या गाडीच्या तेरापट. तिच्या सौर पॅनेलची ताकद मात्र अवघी ५० वॉट. आमची दोन किलोची गाडी वाळूत १३२ वॉट खाते, मग प्रज्ञानला ५० वॉट पुरले कसे? चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं हे एक कारण. पण मोठं कारण वेगाचं आहे. प्रज्ञान सेकंदाला एक सेंटीमीटर चालायची. चंद्राची धूळ आपल्या कोरड्या वाळूसारखी धरली तर तिला सुमारे १० न्यूटन जोर लागेल. १० गुणिले ०.०१ म्हणजे एक दशांश वॉट. गळती कितीही धरली तरी उपकरणांना आणि रेडिओला भरपूर वीज उरते. जोर कमी करता येत नसेल तर वेग कमी करा, हे मला या सगळ्या हिशेबातलं सर्वांत उपयोगी वाक्य वाटतं.

६. दात मोजा

मोटार मिनिटाला सोळा हजार फेरे घेते आणि दातेरी चाकांमुळे दहा फेऱ्यांना गाडीच्या चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे चाकाचे १६०० फेरे. नऊ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा घेर २८ सेंटीमीटर. १६०० गुणिले ०.२८ म्हणजे मिनिटाला ४४८ मीटर, ताशी सुमारे २७ किलोमीटर. ओझं आलं की फेरे कमी होतात, तेव्हा प्रत्यक्षात वीसच्या आसपास.

घाट लागला की एसटीचा चालक गिअर खाली टाकतो. गाडीत हे काम मोटारीवरचं छोटं दातेरी चाक करतं. त्याला पिनियन म्हणतात. वीस दातांचं काढून सतरा दातांचं बसवलं की गाडी जरा हळू धावते, पण मोटार मोकळी फिरते आणि कमी तापते. मोटारीचं एक वैशिष्ट्य आहे : ती जितकी दबून, अडून फिरते तितकी जास्त वीज ओढते, आणि पूर्ण अडली तर सगळ्यात जास्त. तेव्हा ती वीज नुसती उष्णता होते. व्हार्निशचा तो वास त्याचाच होता. चालवून झाल्यावर मोटारीवर बोट टेकवा, पाच सेकंद ठेवता आलं नाही तर पिनियन लहान हवं किंवा विश्रांती मोठी हवी.

७. मग मोठीच बॅटरी घेतली तर?

अशाच दोन बॅटऱ्या जोडल्या तर वेळ दुप्पट होत नाही. दुसरी बॅटरी चारशे ग्रॅम वजन आणते, गाडी वीस टक्के जड होते, वाळूचा अडथळाही तेवढाच वाढतो. हिशेब केला तर कोरड्या वाळूत आठाची सोळा मिनिटं होत नाहीत, तेरा होतात.

दुसरा मार्ग लिथियम पॉलिमरचा, ज्याला सगळे लिपो म्हणतात. दोन सेलांची, ७.४ व्होल्टची, ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे ३७ वॉट-तास, आणि वजन जुन्या बॅटरीपेक्षा कमीच. कोरड्या वाळूत साडेतेरा मिनिटं, ओल्यात चाळीस. लिपोवर सी असंही एक अक्षर असतं. २० सी लिहिलेली ५००० एमएएचची बॅटरी जास्तीत जास्त पाच गुणिले वीस, म्हणजे १०० अँपिअर देऊ शकते. ती टाकीच्या नळीची जाडी समजा.

पण लिपो लाडावलेली असते. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, आणि तो ३ च्या खाली गेला तर कायमचा खराब होतो. म्हणून गाडीच्या स्पीड कंट्रोलरला बॅटरी लिपो आहे हे सेटिंगमधून सांगावंच लागतं, म्हणजे तो वेळेवर गाडी थांबवतो. चार्जिंग तिच्यासाठीच बनवलेल्या चार्जरनं, उघड्या लादीवर, समोर बसून करायचं. गादीवर कधीच नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही, मग ती कितीही महाग असो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मी निकेलची बॅटरीच देईन.

८. तिथीची पाऊणपट

आमच्या घरी मात्र यातलं काहीच विकत घ्यावं लागलं नाही. वरच्या हिशेबाकडे पुन्हा पाहा : कोरड्या वाळूत ८ मिनिटं, ओल्या वाळूत २३. बॅटरी न बदलता वेळ जवळजवळ तिप्पट होतो, फक्त ओली वाळू मिळाली पाहिजे. आणि ओली वाळू केव्हा मिळेल ते सांगायला कोकणाकडे जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, अर्धा-पाऊण तास मागंपुढं. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची.

पाडवा म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती. आम्ही नेमके जेवून एक वाजता गेलो होतो. त्यात अमावास्या कालचीच, उधाणाचे दिवस, म्हणून पाणी सुरूपर्यंत चढलेलं. घट्ट वाळू सगळी पाण्याखाली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज, द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. पहाटे दीडच्या सुमाराला भरती, तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेआठच्या आसपास. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, त्यामुळे ओली वाळू भरपूर रुंद मिळणार होती.

निघण्याआधी दोन गोष्टी सांगतो. खारं पाणी तांब्याचं आणि लोखंडाचं वैरी आहे. गाडी लाटेत घालू नका, आणि घरी आल्यावर बॅटरी काढून सगळी गाडी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, सुकवा, बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. आणि माणसं, घोडे, वाळत घातलेली मासळी यांच्यापासून लांब चालवा.

भाऊबीजेच्या सकाळी साडेसातला आम्ही किनाऱ्यावर होतो. पाणी पार लांब गेलं होतं, वाळूवर आरशासारखा ओलावा होता. भाच्यानं रात्रभर भरलेली तीच बॅटरी बसवली, बहिणीनं मोबाइलवर वेळ लावली. गाडी निघाली ती सरळ रेषेत, वाळूवर चाकांची उथळ नक्षी उमटवत. ती मंदावल्यावर मी मोटारीला बोट लावलं, कोमट होती. मोबाइलवर २२ मिनिटं झाली होती, वहीतला आकडा २३ होता.